ऑफर लेटर ते फायनल सेटलमेंट: मोठ्या कन्सल्टिंग कंपनीतले दोन वर्षं दहा महिने

४ फेब्रुवारी २०२२ ला ऑफर लेटर आलं आणि ११ एप्रिल २०२५ ला फायनल सेटलमेंटचे पैसे खात्यात पडले. या दोन तारखांच्या मधे काय काय करावं लागतं, हे विचारायला परभणीत मला कुणी सापडलं नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांच्या नियमांत एकोणीस-वीसचाच फरक असतो, त्यामुळे नावाने काही अडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. अशा कंपनीत दोन कामं असतात. क्लायंटचं काम शिकवायला दहा माणसं असतात. दुसरं काम स्वतःचा कागद नीट ठेवण्याचं: नाव, तास, फीडबॅक, पीएफ. ते कुणी शिकवत नाही, आणि पैसे अडतात ते जवळपास नेहमी याच दुसऱ्या कामापायी.

ऑफरमधला आकडा

११ जानेवारीपासून मुलाखतीचे तीन राउंड झाले, सगळे व्हिडिओ कॉलवर. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, त्याचे प्रश्न होतेच, पण "क्लायंट म्हणतोय हे चालत नाही, तुमच्या मशीनवर चालतंय, आता काय बोलाल?" असल्या प्रश्नांना जास्त वेळ दिला जातो. उत्तरात तोडगा नसला तरी चालतं. आधी काय तपासाल, कुणाला कळवाल, किती वेळ मागाल, एवढा क्रम ऐकायचा असतो त्यांना.

ऑफर वर्षाला ७,२०,००० ची. घरच्यांनी लगेच बाराने भागून ६०,००० काढले. हातात आले ४६,४२०. मधले कुठे गेले ते बघा. मूळ पगार ४० टक्के, म्हणजे महिन्याला २४,०००. कंपनीने भरायचा पीएफ त्याच्या १२ टक्के, २,८८०, वर्षाचे ३४,५६०. तो सीटीसीतच, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या वर्षाच्या एकूण आकड्यातच धरलेला. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, वर्षाला १३,८५३. हा विचित्र आकडा येतो कायद्यातल्या हिशेबातून: दर वर्षाच्या नोकरीला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. १५ भागिले २६, भागिले १२. आणि ही ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाली तरच हातात येणार. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, १० टक्के, ७२,०००, वर्षअखेरीला आणि तेही कमी-जास्त. गट आरोग्य विम्याचा हप्ता ५,५८७. हे सगळं वजा जाता उरले ५,९४,०००, म्हणजे महिन्याला ४९,५००. त्यातून स्वतःचा पीएफ पुन्हा २,८८० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००). प्राप्तिकर याच्याही पुढे. २०२५-२६ पासून नव्या कर प्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत तो शून्यावर येतो; मी लागले तेव्हा तसं नव्हतं.

म्हणून ऑफरवर सही करण्याआधी पगाराची फोड असलेलं परिशिष्ट मागा आणि तीन गोष्टी ईमेलवर लेखी विचारा: व्हेरिएबल कशावर ठरतं, नोटीस किती दिवसांची, आणि जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागतो. आमच्याकडे नोटीस ९० दिवसांची होती आणि बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत. फोनवर "ते आपण बघून घेऊ" म्हणणारा रिक्रूटर सहा महिन्यांनी स्वतःच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

जुन्या नोकरीचा राजीनामा ७ फेब्रुवारीला टाकला. तिथली नोटीस ६० दिवस, शेवटचा दिवस ८ एप्रिल. ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा टाकू नका, कितीही घाई करू देत.

एका बाईची चार नावं

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, सगळे त्याला बीजीव्ही म्हणतात, ते एक वेगळी एजन्सी करते. ऑफर स्वीकारल्यावर दोन दिवसांत पोर्टलची लिंक आली. माझं बीजीव्ही पूर्ण व्हायला २१ जून उजाडला, म्हणजे रुजू झाल्यावरही दोन महिने ते लोंबकळत होतं. कारण नाव.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर लग्नानंतरचं नाव. पॅनवर माहेरचं. आणि पीएफच्या नोंदीत जुन्या कंपनीने टाइप करताना आडनावातलं एक अक्षर खाल्लेलं. एजन्सीच्या माणसाला वाटतं, या चार वेगळ्या बायका आहेत. त्याचंही चुकत नाही, त्याच्यासमोर फक्त स्कॅन असतात.

ऑफरची वाट न बघता आजच करता येण्यासारखं काम हे आहे. आधी ठरवा की नोकरीत कोणतं नाव लावायचं. मग आधार आणि पॅन त्या नावावर अक्षरशः सारखे करा, मधली स्पेससुद्धा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रावरचा मुलगा टाइप करत असताना स्क्रीनकडे बघत उभं राहा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी वाचून मगच होकार द्या. मला ५० रुपये लागले. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर ते आधी काढा, कारण त्यावर माहेरचं आणि सासरचं नाव एकाच कागदावर येतं. लग्नपत्रिका आणि लग्नाचे फोटो पोर्टल घेत नाही.

पीएफमधली चूक काढायला तेव्हा जॉइंट डिक्लेरेशन भरावं लागलं: एक फॉर्म, त्यावर माझी आणि जुन्या मालकाची दोघांची सही, सोबत आधार-पॅन. सही मिळवायला एक चक्कर, मंजुरीला २४ दिवस. जानेवारी २०२५ पासून हे सोपं झालं आहे. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक, नोकरी बदलली तरी तोच राहतो) १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल तर नाव, जन्मतारीख अशा दुरुस्त्या कर्मचारी स्वतः ऑनलाइन करू शकतो. तरी जुनी नोकरी सोडण्याआधीच पासबुक उघडून नाव बघा. नोकरी सुटल्यावर त्याच एचआरला फोन लागत नाही.

शिक्षणाच्या तपासणीत आपल्या मुलांचं हमखास चुकतं ते विद्यापीठाच्या नावात. पोर्टलवर "औरंगाबाद विद्यापीठ" किंवा "नांदेड विद्यापीठ" लिहिलं की एजन्सीच्या यादीत ते सापडत नाही. प्रमाणपत्रावर छापलंय तसंच पूर्ण लिहा: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. मधल्या काळात काही अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली. तिथल्या मुलांनी महाविद्यालयाच्या पाटीकडे न बघता स्वतःच्या पदवीवर कुणाचा शिक्का आहे ते बघावं. प्रोव्हिजनलवर काम तात्पुरतं भागतं, पण पदवी प्रमाणपत्र कधीतरी मागतातच, त्यामुळे पदवीदानाचा अर्ज पुढे ढकलू नका. स्कॅन रंगीत हवा, गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजू, चारही कोपरे दिसतील असा. मोबाइलने सावलीत काढलेला फोटो दोनदा परत आला.

नोकरीच्या तपासणीला ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचं मालकाने दिलेलं प्रमाणपत्र) लागतो. छोटी कंपनी बंद पडली असेल किंवा उत्तर देत नसेल तर पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट चालतं. बँकेचा शिक्का मारून घ्या. यूएएनवरून आधीच्या सगळ्या नोकऱ्या दिसतात. कुठे तीन महिने काम केलं, पीएफ कापला गेला आणि बायोडेटात ते लिहिलं नाही, तर सापडतं. लिहिलेल्या तीन महिन्यांचा कुणी बाऊ करत नाही, लपवलेल्यांचा होतो.

आता पत्ता. कायमच्या पत्त्याच्या पडताळणीला पूर्वी माणूस यायचा, आता बहुतेक वेळा मोबाइलवर लिंक येते. त्या घरात उभं राहून ती उघडायची, लोकेशन चालू ठेवायचं, दाराचा आणि ओळखपत्राचा फोटो काढायचा. ही लिंक आली तेव्हा मी पुण्यात रुजू झाले होते आणि पत्ता होता परभणी तालुक्यातल्या सासरच्या गावचा. सासऱ्यांना फोनवर सांगून करून घेतलं. "मामा, लोकेशन चालू करा." "चालू हाय की." "घर नंबर विचारतंय, काय टाकलं?" "मारुतीच्या देवळामागं." घर नंबरच्या रकान्यात ते बसत नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर मालमत्ता क्रमांक असतो, तो टाका. वीजबिल सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं. मग रेशनकार्ड सोबत जोडा, त्यावर दोघांची नावं येतात. आणि संभाजीनगर किंवा धाराशिव जिल्ह्यातल्यांनी पत्त्यात शहराचं जुनं नावही लिहावं, कारण निम्मे कागद २०२३ च्या आधीचे असतात आणि दूर बंगळुरूत बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी शहरं वाटतात.

अहवाल रंगात येतो: हिरवा, पिवळा, लाल. "अपुरी माहिती" असा शेरा म्हणजे पिवळा, त्याने कुणाची नोकरी जात नाही. कागद द्या, बदलतो. लाल म्हणजे माहिती खोटी निघाली. बँकेच्या प्रोजेक्टवर घेताना काही वेळा सिबिलही, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, बघतात, तेव्हा थकलेलं क्रेडिट कार्ड आधी मिटवा.

पहिले दोन आठवडे

१८ एप्रिल २०२२ ला रुजू झाले. लॅपटॉप, पासवर्ड, व्हीपीएन आणि सक्तीचे ऑनलाइन कोर्स: माहिती सुरक्षा, लाचखोरीविरोध, पॉश (कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा). कोर्स संपवण्याची मुदत असते, ती चुकली की मॅनेजरला मेल जातो. घाईत पुढे-पुढे दाबू नका. शेवटी परीक्षा असते आणि नापास झालं की सगळा कोर्स पहिल्यापासून.

ज्या समूहाचा ऑडिटचाही धंदा आहे तिथे आणखी एक जाहीरनामा भरावा लागतो, स्वातंत्र्याचा. म्हणजे ज्या कंपन्यांचं आपला समूह ऑडिट करतो त्यांचे शेअर आपल्याकडे नकोत. पदानुसार बारकावे बदलतात, पण नवऱ्याची किंवा बायकोची गुंतवणूकही यात येते, हे लोक विसरतात. डीमॅटचं स्टेटमेंट दोघांचंही काढून ठेवा. काही शेअर विकायला सांगतात, तोटा असला तरी.

बेंच

कोर्स संपले की प्रोजेक्ट मिळेपर्यंत बेंच. मला पाच आठवडे लागले. पगार पूर्ण येतो आणि काम नसतं. घरच्यांना वाटतं पोरीचं बरं चाललंय. तिसऱ्या आठवड्यापासून पोटात गोळा येतो.

प्रोजेक्ट वाटणारी एक टीम असते, रिसोर्स मॅनेजमेंट. त्यांच्या यादीत नाव असतं, पण यादी शेकडोंची आणि शोध लागतो कौशल्याच्या शब्दांवर. अंतर्गत प्रोफाइलमध्ये "टेस्टिंग" एवढंच लिहिलेलं माझं नाव तीन आठवडे कुठेच आलं नाही. "सॅप, खरेदी विभाग, युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग, दोषनोंद" असं मोडून लिहिल्यावर आठवड्यात दोन फोन आले. अंतर्गत जागांचं पोर्टल असतं, तिथे स्वतः अर्ज करा. जुन्या सहकाऱ्यांना विचारा. निम्मी प्रोजेक्ट यादीत येण्याआधीच ओळखीतून भरलेली असतात. बेंच फार लांबला की इशारापत्र, मग राजीनामा मागणं, ही बऱ्याच ठिकाणची रीत. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला २२५ बिल होणारे दिवस आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम केला, तो पेपरात आला होता. बाकी ठिकाणी आकडा लिहिलेला नसला तरी मनात असतो.

प्रोजेक्टवर घेण्याआधी क्लायंट स्वतः मुलाखत घेतो. त्याच्याकडे जाणारा बायोडेटा कधीकधी आपल्याला न दाखवता "सजवला" जातो. माझे साडेतीन वर्षांचे पाच झाले होते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी "क्लायंटला पाठवलेली फाइल मला पाठवा" असा मेल टाका आणि चुकीचं असेल तर लेखी दुरुस्ती मागा. तोंडी सांगितलेलं उद्या कुणाला आठवत नाही, आणि खोट्या अनुभवावरचा प्रश्न आपल्यालाच विचारला जातो.

टाइमशीट, म्हणजे खरी हजेरी

६ जून २०२२ ला पहिलं प्रोजेक्ट लागलं, ब्रिटनमधला क्लायंट. कामाबद्दल फार लिहीत नाही, ते ज्याचं त्याचं वेगळं. टाइमशीट मात्र सगळ्यांचं सारखं.

कन्सल्टिंग कंपनी माणसाचे तास विकते. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आठवड्याचं शीट भरायचं. स्क्रीनवर डावीकडे चार्ज कोडची ओळ, पुढे सोमवार ते शुक्रवार पाच चौकटी, उजवीकडे बेरीज. बेरीज ४० आली की चौकट हिरवी. क्लायंटच्या कामाचा कोड वेगळा, ट्रेनिंगचा वेगळा, रजेचा वेगळा, बेंचचा वेगळा. कोड लांबलचक असतात आणि त्यांना मुदत असते. ३० सप्टेंबरला कोड संपला, नवा यायला चार दिवस लागले आणि तेवढ्यात कुणीतरी "तात्पुरते बेंचवर टाक" म्हणालं. ते तास तात्पुरते राहत नाहीत. दुरुस्ती करायला आधीचं मंजूर शीट उघडावं लागतं आणि बिल निघाल्यावर ते कुणी उघडत नाही. तेव्हा कोड संपण्याच्या आठवडाभर आधी प्रोजेक्टच्या फायनान्सवाल्याला मेल टाका.

जास्तीच्या तासांचं दुखणं निराळं. प्रोजेक्ट ठरलेल्या रकमेचं असेल तर ११ तास काम करून शीटमध्ये ८ लिहायला सांगतात, कारण बजेट तेवढंच आहे. मी पहिले आठ महिने तसंच लिहिलं. त्याचा परिणाम असा की कागदावर टीम निवांत दिसते आणि माणूस वाढवून मिळत नाही. नवव्या महिन्यापासून खरे तास लिहून मॅनेजरला मेल करायला लागले: "या आठवड्यात ५२ झाले, शीटमध्ये किती भरू?" उत्तर लेखी द्यायचं म्हटलं की बहुतेक वेळा काम तरी कमी होतं, नाहीतर कोड तरी मिळतो. नेहमी होतं असं म्हणणार नाही. स्वतःच्या वहीत तास लिहून ठेवा. पण क्लायंटची फाइल, स्क्रीनशॉट, काहीही स्वतःच्या ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊ नका. ते लगेच पकडलं जातं आणि त्यात दुसरी संधी देत नाहीत.

ब्रिटनचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारी दीड, हिवाळ्यात अडीच. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं. अमेरिकेचं बदलतं मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. मधल्या आठवड्यांत तिन्ही देशांच्या मीटिंगची खिचडी होते, आधीच कॅलेंडर तपासा. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळी साडेसहा, थंडीत साडेसात. मुलींनी हे लक्षात ठेवावं की महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनेच कामाला ठेवता येतं आणि दारापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची असते. कॅबचा अर्ज ॲपवर संध्याकाळी ठरावीक वेळेआधी करावा लागतो. ती वेळ पाठ करा.

घरून काम करायची मुभा असली तरी "बेस लोकेशन" कागदावर पुणेच. गावाकडून काम करायचं तर आधी मेलवर परवानगी घ्या, आणि इन्व्हर्टरवर राउटरही जोडा. लाइट गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो पण मीटिंग जाते. पुण्याहून परभणीला पनवेल–नांदेड एक्स्प्रेस लातूर, परळीवरून फिरून येते. झोप होते, पण दिवाळीला तिकीट मिळणं कठीण. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणून रजा पोर्टलवर ६५ दिवस आधी टाका. मंजूर झालेली रजा रद्द करायला मॅनेजरला जरा जड जातं.

७५ टक्के

वर्ष मार्चला संपतं हे डोक्यातून काढा. काही कंपन्यांचं वर्ष जून ते मे, काहींचं सप्टेंबर ते ऑगस्ट. आमचं मेअखेर संपायचं, आणि माझं पहिलं प्रोजेक्ट संपलं मार्च २०२३ च्या शेवटी. पुढचे आठ आठवडे पुन्हा बेंच.

वर्षाच्या एकूण तासांपैकी किती टक्के क्लायंटच्या कामावर गेले, हे कंपनी मोजते. माझा हिशेब असा लागला. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, एकूण २,०८०. बेंचचे ३२० गेले. सण आणि रजा मिळून २० दिवस, १६० गेले. ट्रेनिंगचे पाच दिवस, ४०. उरले १,५६०, म्हणजे ७५ टक्के. लक्ष्य होतं ८५, म्हणजे १,७६८ तास. शीटमध्ये न लिहिलेले जास्तीचे तास इथे उपयोगी पडले असते. काही ठिकाणी रजा एकूण तासांतून वजा करतात आणि मग टक्केवारी काढतात. आमच्याकडे करत नव्हते. हे वर्षाच्या सुरुवातीला विचारून घ्या, कारण व्हेरिएबल याच आकड्याला आणि रेटिंगला बांधलेलं असतं. ७२,००० पैकी मला ३८,००० मिळाले.

रेटिंग प्रोजेक्ट मॅनेजर एकटा देत नाही. तो फीडबॅक लिहितो. तुमची बाजू मांडणारा काउन्सेलर वेगळा, आणि त्याने तुमचं काम कधी पाहिलेलं नसतं. मग एका बैठकीत सगळ्या काउन्सेलरांमध्ये घासाघीस होते, कारण वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या. त्या माणसाच्या हातात कागद द्या. प्रोजेक्ट संपायच्या आठवड्यातच फीडबॅक पोर्टलवर मागवा. मॅनेजर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला की त्याला तुमचं आडनावही आठवत नाही. क्लायंटने "छान काम" असं दोन ओळींत लिहिलं तरी ती मेल ऑफिसच्याच मेलबॉक्समध्ये वेगळ्या फोल्डरला टाका. स्वमूल्यमापनात "मेहनत घेतली" लिहू नका. "४१२ टेस्ट केस चालवल्या, ६७ दोष नोंदवले, त्यातले ९ गो-लाइव्ह अडवणारे" असं लिहिलं की बैठकीत वाचून दाखवता येतं. पहिल्या वर्षी मी पहिल्या पद्धतीने लिहिलं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. माणूस तोच, काम तेच. रेटिंग एक पायरी वर.

सोडताना

२ डिसेंबर २०२४ ला पोर्टलवर राजीनामा टाकला. शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी २०२५. नोटीस पैसे भरून कमी करता येते का हे ऑफर लेटरमध्ये बघा; बहुतेक ठिकाणी "कंपनीच्या मर्जीने" असं लिहिलेलं असतं. नोटीसमध्ये रजा घेतली तर शेवटचा दिवस तितका पुढे जातो. पहिल्या आठवड्यात मन वळवायला मीटिंगा, मग महिनाभर कुणी विचारत नाही, आणि शेवटच्या दहा दिवसांत सगळ्यांना हस्तांतर हवं असतं. हस्तांतराची यादी दुसऱ्याच आठवड्यात पाठवून पोच घ्या.

मेलबॉक्स शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. त्याआधी पगारपावत्या सगळ्या महिन्यांच्या, फॉर्म १६, पदोन्नतीची पत्रं, विम्याचं कार्ड हे आपले स्वतःचे कागद पोर्टलवरून उतरवून घ्या. पोर्टलवर खासगी ईमेल आणि पगाराव्यतिरिक्तचं एक बँक खातं तपासा. लॅपटॉप कुरिअरने पाठवणार असाल तर सिरियल नंबरचा, चार्जरसकट, फोटो काढून ठेवा; चार्जर आला नाही म्हणून माझं ना-हरकत सहा दिवस अडलं, फोटो पाठवल्यावर सुटलं.

गट विमा शेवटच्या दिवशीच संपतो, आणि आई-वडिलांना त्यात घातलं असेल तर त्यांचाही. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय असतो, ज्यात आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ मोजला जातो. अर्ज नोटीस चालू असतानाच करा. हप्ता गटापेक्षा बराच जास्त येतो, हे गृहीत धरा.

ग्रॅच्युइटी गेली, पाच वर्षं झाली नव्हती. शिल्लक रजेचे पैसे मूळ पगारावर मिळाले, पूर्ण पगारावर नाही. सेटलमेंट यायला ४२ दिवस लागले, रिलीव्हिंग लेटर मात्र नोकरी सुटल्यावर चौथ्याच दिवशी आलं. पीएफ काढू नका, नव्या खात्यात बदली करा: सलग नोकरी पाच वर्षांच्या आत असताना काढलेल्या रकमेवर कर बसतो, बदली केली तर जुनी वर्षंही मोजली जातात. त्यासाठी जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली हवी. नाही भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपणच पोर्टलवर भरू शकतो. माझी कंपनीने भरली होती.

नवीन नोकरी मार्चमध्ये लागली, म्हणजे त्याच आर्थिक वर्षात. अशा वेळी नव्या कंपनीला जुन्या पगाराचा आकडा लेखी द्या; तेव्हा त्यासाठी फॉर्म १२बी भरावा लागायचा. न दिल्यास दोन्ही कंपन्या सूट वेगवेगळी धरतात आणि जुलैत रिटर्न भरताना फरक एकरकमी भरावा लागतो. माझी एक मैत्रीण २१,००० भरून बसली. फॉर्म १६ ची मुदत १५ जून. माझा १२ जूनला आला, खासगी ईमेलच्या स्पॅममध्ये.